शेंड्यावरचं तांबडं पातेलं

पोयाना, १९ ऑक्टोबर २००५

तोदोसियावहिनींना सिमिओनचा नमस्कार.

मी कोण ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही पत्र सरळ चुलीत घालाल. डोंगराच्या या बाजूच्या पोयाना गावचा सिमिओन मी. तुमच्या वासिलेबरोबर जंगलात लाकूडतोडीला होतो. आम्हा दोघांत एक करवत होती, एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला मी. त्याच्या मातीलाही आलो होतो, पण त्या दिवशी तुम्ही कुणाला ओळखण्याच्या स्थितीत नव्हता.

आता कामाचं. परवा वासरू घेऊन बाजाराला निघालो होतो. तुमच्या वालेनीतून सरकारने नवा डांबरी रस्ता काढलाय, म्हटलं बघू तरी कसा आहे तो. तुमचं घर गावाच्या तोंडाशीच, फाटकाशी आलो आणि घोडा थांबवला. अंगणात सुकं झाड रोवलेलं, फांद्या-फांद्यांवर भांडी टांगलेली, आणि शेंड्यावर तांबडं पातेलं. मी टोपीच काढली आणि तिथूनच बाजाराच्या वाटेला परत वळलो. आपल्याकडे शेंड्यावर तांबडं पातेलं का चढवतात ते तुम्हाला मी काय सांगणार! घरात लग्नाची मुलगी आहे, विचारणाऱ्याने खुशाल विचारावं. म्हणजे तुमची रोदिका परत आली म्हणायची. आमच्याकडे कुणी बोललं नाही. आमच्याकडे बोलायला आहे तरी कोण म्हणा.

माझा मुलगा ग्रिगोर. वय तेहतीस. दात सगळे स्वतःचे. पितो, पण घरात बसून पितो आणि पिऊन गातो, भांडत नाही. गायी आहेत, आलुबुखाराची बाग आहे, घराचं छप्पर त्याने गेल्या वर्षी एकट्याने शाकारलं. नाही ती फक्त बाईमाणसाची सोबत. माझी बायको गेल्यापासून आम्ही दोघे बाप्ये पाळीपाळीने मक्याच्या पिठाची मामालिगा ढवळतो आणि रोज करपवतो.

नाताळच्या उपवासात लग्नं लागत नाहीत, तेव्हा घाई नाही. पण उपवास लागायच्या आत एकदा मुलाला आणि घरच्या आलुबुखाराच्या होरिंका दारूची बाटली घेऊन यावं म्हणतो. न विचारता फाटक ढकलणाऱ्यांतला मी नाही. उत्तराची वाट पाहतो.

सिमिओन


वालेनी, २७ ऑक्टोबर २००५

सिमिओनभाऊ,

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले, मग रडले, मग परत हसले, आणि तोवर चुलीवरचं सूप उतू गेलं.

अहो, ते पातेलं माझं नाही. पर्यटनवाल्या कचेरीचं आहे. वसंतात त्यांची गाडी आली आणि घरोघर एकेक सुकं झाड आणि गोणीभर भांडी टाकून गेली. बरोबर क्रिशान साहेब होते. "रस्त्यावरच्या प्रत्येक घरात भांड्यांचं झाड पाहिजे," म्हणाले, "आणि तांबडं सगळ्यात वर." मी म्हटलं, "साहेब, घरात मुलगी नाही, तांबडं कसं लावू? लोक काय म्हणतील?" तर म्हणतात, "मावशी, पुस्तिकेतल्या चित्रात तांबडं वर आहे ना!" झालं. आता या रस्त्याला एकूण एक घरावर तांबडं पातेलं. पाद्रीबाबांच्या अंगणात आहे. शेजारची ओदोकिया नव्वदीला टेकली, तिच्या अंगणात आहे. वासरू घेऊन तुम्ही आणखी पुढे गेला असतात तर डोकं गरगरलं असतं तुमचं. आणि साऱ्या खोऱ्यात लग्नाची मुलगी म्हणाल तर एक नाही. सगळ्या इटलीत. लोकांच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची दुखणी काढतात.

माझी रोदिकाही तिथेच, बेर्गामोत. एका आजारी बाईला उठवते, बसवते, भरवते. हे पाचवं वर्ष.

मग माझ्या घराला जोडून बांधलेल्या या तीन नव्या खोल्या कुणासाठी असं तुम्ही विचाराल. तर सरकारने योजना काढली की खेड्यात पाहुणे आणा, म्हणजे खेड्यातली पोरं बाहेर जाणार नाहीत. मदत फक्त चाळिशीच्या आतल्यांना, आणि ज्याच्या नावावर खोल्या त्याने तिथेच राहायचं. माझं वय कुणाला हवंय? म्हणून सगळं रोदिकाच्या नावावर केलं. सह्या करायला ती आली, आठवडाभर राहिली आणि जाताना म्हणाली, "आई, खोल्या होऊ देत, मग मी येतेच." खोल्या झाल्या. शहरातल्या हॉटेलांना तारे देतात तशी आम्हा खेडवळांना फुलं देतात, ती तीन फुलांची पाटीही दारावर लागली. रोदिका आली नाही. क्रिशान साहेब दर वर्षी तपासायला येतात. मागच्या खेपेला मी ठोकून दिलं, "ती मेंढवाड्यावर गेलीय." हे वाचून झालं की पत्र जाळा.

तेव्हा तुमच्या ग्रिगोरसाठी माझ्याकडे मुलगी नाही. रागावू नका. पण खरं सांगते, माझ्या फाटकाशी टोपी काढून कुणीतरी माझी मुलगी मागितली याचं मला फार बरं वाटलं. पाहुणे येतात, फोटो काढतात, पैसे देतात, जातात. कुणी काही मागत नाही. तुमचं पत्र मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं.

आणि मामालिगा करपते कारण तुम्ही ढवळायचं सोडून गप्पा मारत असणार.

तोदोसिया


पोयाना, २० नोव्हेंबर २००५

वहिनी,

पत्र जाळलं नाही. संतांच्या तसबिरीमागे ठेवलंय, तिथे कुठलाही साहेब हात घालणार नाही.

ग्रिगोरला वाचून दाखवलं. म्हणाला, "बाबा, तुम्ही माझं लग्न सरकारशीच लावायला निघाला होतात की!" हसला. मग गायींना बघून येतो म्हणून गोठ्यात गेला तो बराच वेळ आलाच नाही.

आणि गप्पा म्हणाल तर आम्ही मारत नाही. दोन माणसांत रोज नवीन काय बोलायचं? तो विचारतो, "वारा सुटलाय का?" मी म्हणतो, "सुटलाय." संपलं.

तुमच्याकडे निदान पातेलं तरी आलं. आमच्याकडे काहीच आलं नाही. रस्ता आखताना तो नदीच्या तुमच्या बाजूने नेला आणि आमचं पोयाना राहून गेलं. मी कचेरीत जाऊन विचारलं. टेबलामागची मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमच्या गावात पर्यटनाची क्षमता नाही." आता आमचा डोंगर तोच, जो तुमचा. फक्त आम्ही त्याच्या पाठीकडे राहतो. रस्ता नाही म्हणून बस बंद झाली, बस नाही म्हणून मास्तर येईना, मास्तर नाही म्हणून शाळेला कुलूप. रविवारी चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला एवढी कमी डोकी असतात की पाद्री आशीर्वाद देताना एकेकाचं नाव घेतो. ग्रिगोरच्या वयाचा तो एकटा. संध्याकाळी एकटाच पत्ते मांडून बसतो, आणि त्यातही हरतो.

एक विचारू का? त्याने रोदिकाला पत्र लिहिलं तर चालेल? जिल्ह्याच्या शाळेत दोघं एकाच बसने जायची म्हणे. त्याला तिची वेणी आठवते. मला सांगायला लाजत होता, घोड्याला खरारा करताना पाठ फिरवून बोलला.

सिमिओन


वालेनी, ९ जानेवारी २००६

सिमिओनभाऊ,

उशीर झाला. नाताळात घर भरलेलं होतं. राजधानीतलं एक कुटुंब आणि चार डच लोक. त्यांच्या हातात ती पुस्तिका, त्यात झाडाची सगळी कथा छापलेली. त्यांच्यातल्या एकाने खिडकीतून बोट दाखवून विचारलं, "मुलगी कुठे आहे?" मी म्हटलं, "ही काय!" आणि माझ्याकडे बोट केलं. पोट धरधरून हसले. मग मला बर्फात झाडाखाली उभी करून फोटो काढले. मीही हसले. तसं वाईट नसतात हो हे लोक.

पण नाताळच्या जेवणाला माझं टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेलं होतं आणि त्यात माझं एक माणूस नव्हतं. ते गेल्यावर मी चादरी काढत होते. उशीवर परक्या साबणाचा वास. त्याच खोलीत खाटेवर बसून राहिले. ज्यांची नावं मला धड घेता येत नाहीत ती माणसं गेली म्हणून मला एकटं वाटावं, म्हणजे काय म्हणायचं याला?

बरं, आनंदाचं सांगते. रोदिकाशी फोनवर बोलले. "तो ग्रिगोर? अजून नाकातच बोलतो का?" असं म्हणाली. म्हणजे आठवतोय तिला! सोबत तिचा पत्ता आणि फोन नंबर देते. लिहू दे त्याला.

सिमिओनभाऊ, मी काही फार पुढचं बोलत नाही. पण हे जमलं तर ती इथे राहील. साहेबांपुढे मेंढवाड्याच्या थापा मारायला नकोत. सून सासरी जाते हे मला कळतं, पण तुमच्या गावात रस्ता नाही, बस नाही, उद्या नातवंडांना शाळा कुठे? ग्रिगोरच इकडे आला तर? खोल्या आहेत. विचार करून ठेवा.

तोदोसिया


पोयाना, २ मार्च २००६

वहिनी,

माझा एकुलता एक मुलगा तुमच्या घरी घरजावई व्हायला पाठवू? पत्र वाचून मी चिडलो होतो, कित्येक आठवडे उत्तर लिहायला बसलो नाही. मग परवा वाटलं, आपण दोघं खुळ्यासारखं भांडतोय. गवत कापायच्या दिवसांत दोघं इकडे, तुमच्या पाहुण्यांच्या हंगामात तिकडे. असं वाटून घेऊ. मात्र नातवंडं घोड्यावर बसायला माझ्याच अंगणात शिकतील, त्यात तडजोड नाही.

ग्रिगोरने पत्रं लिहिणं केव्हाच सोडलं. मोबाईल घेतलाय. इथे घरात आवाज पकडत नाही, म्हणून तो रोज टेकडीवर चढतो. बर्फात गुडघ्यापर्यंत बुडत जातो आणि वरून गात उतरतो. काल मामालिगा करपली तर म्हणाला, "बाबा, आता थोडेच दिवस." मी पाठ वळवून डोळे पुसले. बायको असती तर तिला सांगितलं असतं, ती नाही म्हणून तुम्हाला सांगतो.

सिमिओन


वालेनी, १० एप्रिल २००६

सिमिओनभाऊ,

घोडा तुमच्या अंगणात, कबूल. पण बाप्तिस्मा आमच्या चर्चमध्ये. आमच्या चर्चचं छप्पर सरकारने आत्ताच नवं केलंय, तुमचं गळतं म्हणे.

काल रोदिकाचा फोन आला. म्हणाली, "आई, ईस्टरपर्यंत सगळं ठरलेलं असेल." म्हणजे ती ईस्टरला येतेय! मी चुना काढलाय. चुना द्यायला खालच्या खोलीतल्या खाटा बाहेर हलवल्या, ती खोली आता पाहुण्यांना देणार नाही. क्रिशान साहेब मे महिन्यात येतील, या वेळी मी त्यांना म्हणणार, "या, बसा, ही माझी मुलगी. आता हिलाच विचारा काय ते."

तुम्ही आणि ग्रिगोर ईस्टरला इकडेच या. कोकराचं मटण, आंबट मलई, गोड पाव, सगळं करते. तुमच्याकडून फक्त ती बाटली आणा, पहिल्या पत्रात कबूल केलेली.

तोदोसिया


पोयाना, २ मे २००६

तोदोसियाबाई,

ईस्टरला आम्ही का आलो नाही ते तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. तरी माझ्या तोंडून ऐका.

मी तुमच्याकडे यायचं म्हणून कोट काढला होता. ग्रिगोरने बॅग काढली. इटलीला माणसं नेणारी ती छोटी गाडी असते ना, ती खाली पुलापर्यंत येणार होती.

"कुठे निघालास?" मी म्हटलं.

"बाबा, रोदिकाने बोलून ठेवलंय. बांधकामावर काम आहे."

"आणि ती इकडे येणार होती ना?"

"कोण म्हणालं?"

"तिची आई."

"तिची आई पाच वर्षं तेच म्हणतेय, बाबा."

मी म्हटलं, "गायी?" तो म्हणाला, "विकून टाका." मग मी नको ते बोललो. या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर परत येऊ नकोस, असं बोललो. तो थांबला, मी काहीतरी वेगळं म्हणेन म्हणून वाट पाहत उभा राहिला. मी आत गेलो. खिडकीतूनसुद्धा पाहिलं नाही.

माझा तुमच्यावर राग आहे, बाई. माझ्या घरात एक मुलगा होता. तो नवरी घेऊन येणार होता. त्या दिवशी मी तुमच्या फाटकाशी घोडा थांबवला नसता तर तो आज गोठ्यात असता. रडत असता, पण असता.

यापुढे पत्र लिहू नका.

सिमिओन


वालेनी, २९ मे २००६

व्याही,

"पत्र लिहू नका" हे तुम्ही तोदोसियाबाईला लिहिलंत. आता विहीण लिहितेय. मुलांचं लग्न ठरलं. सतरा सप्टेंबर, रविवार, दुपारी, बेर्गामोत. तिथे आपला एक पाद्री आहे, तोच लावणार. तुम्हाला आवडो की न आवडो, आपण व्याही झालो, आणि व्याह्याशी बोलणं टाकता येत नाही.

तुमच्याकडून एकटा मुलगा गेला, माझ्याकडून काय गेलं ते विचारलंत तुम्ही? ईस्टरला टेबल मांडून मी बसले होते. कोकरू थंड झालं. फाटक वाजलं म्हणून धावले, तर बेल्जियमचं एक जोडपं होतं, खोली मिळेल का विचारत होतं. मी दिली. रोदिकासाठी चुना दिलेलीच दिली. दुसरी तयार नव्हती.

"सगळं ठरलेलं असेल" असं पोरगी म्हणाली होती. "येते" असं ती म्हणालीच नव्हती. मला ते ऐकायचं होतं म्हणून मी ते धरून चालले. आपण दोघं नातवंडं वाटत बसलो आणि मुलांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

गेल्या आठवड्यात क्रिशान साहेब आले. मेंढवाड्याचं नाव ओठावर आलं होतं, पण मला थकवा आला होता. म्हटलं, "साहेब, रोदिका इटलीत आहे. पाच वर्षांपासून. येणार नाही. लग्न करतेय." तो बिचारा खुर्चीत बसूनच राहिला. म्हणाला, "मावशी, सगळ्या रस्त्यावर तुम्हीच पहिल्या खरं बोललात." सगळ्यांच्याच मुली मेंढवाड्यावर आहेत म्हणे! मग म्हणाला, "नियमाप्रमाणे पाटी काढावी लागेल. पण सप्टेंबरात राजधानीतून मोठे लोक येणार आहेत. हंगाम लांबवायची नवी योजना आलीय. वालेनीत जुन्या पद्धतीचं लग्न करून दाखवायचं आहे, पाहुण्यांसमोर. नवरा-नवरी कॉलेजातून आणतोय. आई-बाप गावातले खरे पाहिजेत. तुम्ही नवरीची आई व्हा, मी एक वर्ष कसंतरी ढकलतो."

तारीख विचारली. सतरा सप्टेंबर.

मी हो म्हटलं. पाटी गेली तर माझ्या घरात माणसाचा आवाज राहणार नाही, डच का असेना, बेल्जियन का असेना. हंगामात घर बंद ठेवायचं नाही हाही नियमच, त्यामुळे इटलीला जाण्याचं तर नावच नको. त्यांना अजून नवऱ्याचा बाप मिळालेला नाही.

तोदोसिया


पोयाना, १५ जुलै २००६

विहीणबाई,

नवऱ्याचा बाप त्यांनी कॉलेजातूनच आणावा. ज्या गावात क्षमता नाही तिथला माणूस त्यांना कशाला हवा?

हे लिहून महिनाभर पत्र तसंच पडलं होतं. आता पुढचं लिहितो.

ग्रिगोरने तो राहतो त्या खानावळीचा फोन नंबर कागदावर लिहून पाठवला, लग्नाचं जेवणही तिथेच आहे म्हणे. मी फोन केला नाही. काय बोलू? उंबऱ्यावर जे बोललो ते कसं पुसायचं ते मला येत नाही. पण नवऱ्याचा झेंडा मात्र शिवला. झेंडा खरा तर मुलाचे मित्र शिवतात, रात्रभर गात, चेष्टा करत. त्याचे मित्र कुठून आणू? मीच शिवला. रुमाल, रिबिनी, त्याच्या आईच्या डोक्याचं एक वस्त्र, आणि गायींच्या गळ्यातल्या घंटा. सुई जाड बोटांत धरवत नव्हती. पोस्टात नेला तर बाई म्हणाली, "आजोबा, काठीसकट नाही जात." काठीशिवायचा झेंडा म्हणजे नुसती चिंधी.

शिवलेला झेंडा लग्नात नाचवल्याशिवाय गुंडाळून ठेवत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. संसार लाभत नाही म्हणतात. तुमच्या त्या नाटकात झेंडा आहे का?

सिमिओन


वालेनी, ३ ऑगस्ट २००६

व्याही,

झेंडा आहे. प्लास्टिकच्या फुलांचा, कचेरीतून आलेला. तो मी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकते. तुमचा आणा. साहेबांना सांगून ठेवलंय की नवऱ्याचा बाप मिळाला, पोयानाचा. ते म्हणाले, "पोयाना कुठे आलं?" मी म्हटलं, "या डोंगराच्या पाठीशी, साहेब. तुम्ही इकडूनच बघता म्हणून दिसत नाही."

कोट घासून या. दाढी करून या. माझ्या मुलीचं लग्न आहे.

तोदोसिया


वालेनी, २१ सप्टेंबर २००६

व्याही,

कुठे गेलात तुम्ही? जेवणाच्या टेबलावर नवऱ्याच्या बापाची जागा रिकामी. साहेब शोधत होते, मोठे लोक विचारत होते. मी सांगितलं, पोयानाची माणसं लाजाळू असतात.

तुम्ही त्या टोकाला होतात म्हणून माझ्याकडे काय झालं ते सांगते. ती नवरी झालेली मुलगी चांगली होती हो. च्युइंगम चघळत आली, पण माझ्यासमोर गुडघे टेकायची वेळ आली तेव्हा आपणहून काढून टाकलं. मग नवरीने निघताना म्हणायचं ते नेहमीचं म्हणायला लागली, "आई, मला माफ कर, मी तुझ्या घरातून जातेय." पाठ केलं होतं, मध्येच अडखळली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जा, रोदिका." तिचं नाव काय होतं देव जाणे. आणि मग मला आवरेना. ओरडून रडले, व्याही. मुलगी घाबरली. आणि त्या सगळ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजधानीच्या बाईसाहेब येऊन माझा हात धरून म्हणाल्या, "किती अस्सल!" पाटी राहिली. पुढच्या वर्षीही लग्न करायचं ठरलंय.

तुमच्या झेंड्याच्या घंटा इथून ऐकू येत होत्या. सकाळी आल्या आल्या गुडघा दुखतो म्हणालात आणि त्याच्यामागे काय नाचलात! मला वाटलं आता तुमचं मन हलकं झालं. आणि मग तुम्ही नाहीच. विहिणीच्या दारातून व्याही उपाशी गेला. मी काही चुकले का? मला खरं ते लिहा.

तोदोसिया


पोयाना, २ ऑक्टोबर २००६

विहीणबाई,

तुम्ही काही चुकला नाहीत. जेवण राहिलं ते माझ्यामुळे.

नवरा झालेला तो पोरगा उंच होता, गोरा. ग्रिगोरसारखा कुठूनच दिसत नव्हता. झेंडा नाचवून झाला आणि तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. "बाबा, मी तुमचं मन दुखावलं असेल तर मला माफ करा." त्याला तेवढंच म्हणायचं होतं, कागदावर तेवढंच होतं. मला वाटलं होतं मी हसेन. पण गेल्या ईस्टरपासून मी हेच ऐकायची वाट पाहत होतो, आणि ते परक्या पोराच्या तोंडून आलं. मी म्हटलं, "केलं रे, केव्हाच केलं." फार मोठ्याने म्हटलं वाटतं. तो उठला, माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसा जरा."

बसवेना मला. लोक टेबलाकडे गेले तेव्हा मी तुमच्या घरात शिरलो आणि ओसरीतला तो पाहुण्यांचा फोन न विचारता वापरला. त्याचे पैसे लागतील ते कळवा. ग्रिगोरचा कागद कोटाच्या खिशात होता. एकेक आकडा मोठ्याने वाचत फिरवला.

पलीकडे कुणीतरी इटालियन माणूस होता. मागे बँड वाजत होता, बायका हसत होत्या. त्यांचंही लग्न त्याच वेळी लागलेलं. मी म्हटलं, "मी ग्रिगोरचा बाप बोलतोय." तो म्हणाला, "सी, सी." त्यांच्या भाषेत म्हणजे हो, हो. मी म्हटलं, "त्याला बोलाव." तो म्हणाला, "सी, सी," आणि तिथेच उभा राहिला. त्याला काही कळत नव्हतं, पण फोनही ठेवत नव्हता. मग मी त्यालाच सांगितलं. म्हटलं, "त्याला म्हणावं, तू उंबऱ्यावर थांबला होतास ते मला कळलं होतं. म्हणावं, परत ये, नको येऊस, कसंही कर, पण बापाला माफ कर." तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "सी, सी." मी फोन ठेवला आणि मागच्या दाराने डोंगराला लागलो.

रोदिकाचा फोन आला की एवढा निरोप तिच्याकडून त्याला पोचवा. त्या माणसाने सांगितला असेल असं मला वाटत नाही.

सिमिओन